‘खोल श्वास घ्या’ या सल्ल्याची तपासणी

धाप लागणाऱ्या माणसाला आपल्याकडे सर्वांत आधी जो सल्ला मिळतो तो म्हणजे ‘खोल श्वास घ्या, रोज प्राणायाम करा’. सल्ला देणारा शेजारी असतो, नातेवाईक असतो, कधी योगवर्गाचे शिक्षक असतात, तर कधी शाळेतले आपणच. सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि तो आपल्या परंपरेतला असल्यामुळे जवळचाही वाटतो. त्यामुळे तो तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. औषधाच्या गोळीला आपण विचारतो : ही कशावर चालते, किती घ्यायची, कोणी घेऊ नये? श्वासाच्या व्यायामालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत, असे आम्हांला वाटते. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

हा विषय पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरातील शाळांना अगदी जवळचा आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पिंपरी, आकुर्डी, भोसरी, पुढे चाकण अशी कारखान्यांची रांग वाढत गेली. मोठ्या वाहन कारखान्यांच्या आगेमागे लहान फाउंड्र्या, ग्राइंडिंगची, वेल्डिंगची आणि पावडर कोटिंगची युनिटे उभी राहिली. खेड तालुक्यातल्या गावांमधून कामगार आले, मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतूनही आले. आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांचे वडील आणि आजोबा याच शिफ्टमध्ये राबलेले असतात. अनेकांच्या आजीने आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी धरलेली असते. घरात कोणीतरी खोकत असते, जिना चढताना थांबत असते. ‘श्वसनसंस्था’ हा धडा आपण शिकवतो तेव्हा त्या घरापर्यंत काय पोहोचते, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

एक शब्द, तीन आजार

पहिली अडचण भाषेतच आहे. मराठीत आपण सगळ्यालाच ‘दमा’ म्हणतो. पण या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळे बिघाड येतात आणि श्वासाचा कोणता व्यायाम योग्य हे त्या बिघाडावर ठरते.

पहिला बिघाड म्हणजे खरा दमा, म्हणजेच अस्थमा. यात श्वासनलिकांच्या भिंती सुजतात, त्यांचे स्नायू आवळतात आणि नळ्या अरुंद होतात. हा आवळ कमीजास्त होतो आणि औषधाने बहुतांशी सुटतो. दुसरा बिघाड डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सीओपीडी’ या चार अक्षरांनी लिहिलेला असतो. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, धूळ यांमुळे वर्षानुवर्षे नळ्या खराब होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि फुप्फुसाचा ताण, म्हणजे आपोआप आकसण्याची ताकद, कमी होते. हे नुकसान औषधाने पूर्ण भरून येत नाही. तिसरा बिघाड याच्या उलट असतो. त्यात फुप्फुस सैल न पडता कडक होते. वाळूतल्या सिलिकेच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस हे याचे औद्योगिक पट्ट्यातले उदाहरण. फाउंड्रीत साचे वाळूचे असतात. साचा फोडताना आणि ओतीव भाग घासून साफ करताना ही धूळ उडते.

हे आजार किती पसरले आहेत? भारतातील राज्यनिहाय रोगभाराचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेली. त्या वर्षी जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के होता, पण दीर्घकालीन श्वसनविकारांच्या एकूण भारात तो ३२ टक्के होता. ‘हा विडी ओढणाऱ्यांचा आजार’ हा समजही पुरता खरा नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या प्रश्नाचा आढावा घेतला. जगातील सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज त्यांनी त्यात मांडला. चुलीपुढची आजी या आकड्यात येते.

पहिला दावा : खोल श्वासाने जास्त ऑक्सिजन मिळतो

श्वासाच्या व्यायामाचे समर्थन बहुधा याच वाक्याने केले जाते. ते अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच नीट पाहिले पाहिजे.

प्रथम बरोबर असलेला अर्धा भाग पाहू. आपण एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. ती वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून रक्ताच्या कामाची नसते. आता वर्गात फळ्यावर हे गणित मांडावे. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर : एकूण ६००० मिलिलिटर हवा आत गेली, त्यांपैकी कामाची १२ × ३५० = ४२०० मिलिलिटर. मिनिटाला २४ उथळ श्वास, प्रत्येकी २५० मिलिलिटर : एकूण हवा तितकीच, पण कामाची २४ × १०० = २४०० मिलिलिटर. मिनिटाला ६ खोल श्वास, प्रत्येकी १००० मिलिलिटर : एकूण पुन्हा ६०००, पण कामाची ६ × ८५० = ५१०० मिलिलिटर. म्हणजे तेवढीच हवा हलवायची असेल तर संथ आणि खोल श्वास अधिक काटकसरीचा ठरतो. घाबरून भराभर उथळ श्वास घेणाऱ्या रुग्णाला ‘सावकाश घ्या’ म्हणणे शास्त्राला धरूनच आहे.

आता न तपासलेला अर्धा भाग पाहू. वायुकोशांत जास्त हवा गेली म्हणजे रक्तात त्या प्रमाणात जास्त ऑक्सिजन गेला, असे होत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच सुमारे ९७ टक्के भरलेले असते. १०० मिलिलिटर रक्त साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. उरलेले ३ टक्के भरले तरी वाढ होते ती सुमारे ०.६ मिलिलिटरची. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतण्यासारखाच हा प्रकार. उलट गरज नसताना जोरजोरात श्वास घेत राहिले तर कार्बन डायऑक्साइड प्रमाणापेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. काही जण यालाच ‘शक्ती संचारली’ असे समजतात.

ही गोष्ट पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी येऊन आपल्याला शिकवली असेही नाही. पिंपरीहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले की तासाभरात लोणावळा लागते. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहाव्यात हा त्यांचा आग्रह होता. प्राणायाम करताना आत-बाहेर जाणाऱ्या वायूंचे मोजमाप तेथे झाले. त्या आधारे कुवलयानंदांनी आपल्या प्राणायामावरील ग्रंथात स्पष्ट म्हटले की प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजन मिळण्यात नाही, ते मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले पाहिजे. प्राणायामाचा पुरस्कर्ताच स्वतःच्या मोजमापाला मान देऊन लोकप्रिय समजूत नाकारतो, ही वैज्ञानिक वृत्ती आहे. त्यांच्या नावाचा आदर करणारे कित्येक जण आज, शंभर वर्षांनंतरही, तीच समजूत पुढे चालवतात, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

रुग्णाची गोष्ट थोडी वेगळी असते. त्याच्या रक्तात ऑक्सिजन मुळातच कमी असेल तर श्वास संथ केल्याने तो थोडा वाढू शकतो. पण त्याची खरी अडचण बहुधा दुसरीच असते.

अडचण श्वास घेण्याची नाही, सोडण्याची आहे

सीओपीडीच्या रुग्णाला विचारा, तो म्हणेल, ‘श्वास आत जात नाही’. त्याला तसे वाटते हे खरे. पण हवा आत जात नाही याचे कारण आधीची हवा बाहेर पडलेली नसते, हे आहे. भरलेल्या एस.टी.तून माणसे उतरल्याशिवाय नवी चढत नाहीत, तसेच काहीसे.

यामागचे गणित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना गुणोत्तर श्रेणीच्या धड्यात देता येईल. समजा एका रुग्णाच्या फुप्फुसातील जादा हवेपैकी निम्मी हवा दर सेकंदाला बाहेर पडते. तो ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्याला श्वास सोडायला दोन सेकंद मिळाले तर एक चतुर्थांश, म्हणजे १२५ मिलिलिटर आत उरते. पुढच्या श्वासाला ५०० आणखी आले, ६२५ झाले. त्याचे चतुर्थांश सुमारे १५६. त्यापुढे १६४. असे करत हा साठा १६७ च्या आसपास स्थिरावतो. घाईत श्वास सोडायला एकच सेकंद मिळाला तर तो साठा ५०० मिलिलिटरवर जाऊन स्थिरावतो. आणि चार सेकंद मिळाले तर फक्त ३३ वर. खरे फुप्फुस इतके सरळ वागत नाही, त्याचे काही भाग लवकर रिकामे होतात आणि काही उशिरा. पण मुद्दा कळायला एवढे पुरे आहे : सोडायला वेळ मिळाला की छातीत अडकलेली हवा कमी होते आणि पुढच्या श्वासाला जागा होते. चालताना किंवा घाबरल्यावर श्वासाची गती वाढते, सोडण्याचा वेळ कमी होतो, छाती फुगलेली राहते, धाप वाढते आणि भीतीही वाढते. हे चक्र तोडायचे असते.

येथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. शीळ घालताना किंवा गरम चहावर फुंकर मारताना करतो तसे ओठ आवळून, नाकाने घेतलेला श्वास सावकाश सोडायचा. जितका वेळ घ्यायला लागला त्याच्या साधारण दुप्पट वेळ सोडायला द्यायचा. अनेक रुग्ण हे कोणी न शिकवताच करू लागतात. याचा फायदा दुहेरी. एक तर श्वासाची गती कमी होते. दुसरे म्हणजे नळ्या मिटत नाहीत. निरोगी फुप्फुसात भोवतालच्या ताणलेल्या वायुकोशांनी लहान नळ्या उघड्या धरलेल्या असतात. ते वायुकोश झिजले की नळ्यांचा आधार जातो आणि श्वास जोरात सोडायला गेले तर छातीतल्या दाबाने त्या चेपल्या जातात. बागेला पाणी घालताना रबरी पाइपचे तोंड बोटाने थोडे दाबले की मागचा पाइप फुगून ताठ होतो. आवळलेले ओठ हेच काम करतात : तोंडाशी अडथळा झाल्यामुळे मागच्या नळ्यांत दाब टिकतो आणि त्या उघड्या राहतात.

हे समजले की दुसरी गोष्ट आपोआप समजते. श्वास झटके देऊन जोराने बाहेर फेकायचे जे प्रकार आहेत, कपालभाती आणि भस्त्रिका हे त्यांतले प्रसिद्ध, ते सीओपीडीच्या बिघाडाशी जुळत नाहीत. जिथे जोर लावल्याने नळ्या मिटतात तिथे जोर लावण्याचाच व्यायाम सांगायचा, ही विसंगती आहे. सकाळच्या बागेतल्या वर्गात निरोगी माणूस आणि धापेचा रुग्ण एकाच रांगेत बसून एकाच तालावर तो करतात, हे आम्हांला धोक्याचे वाटते.

दुसरा दावा : पोटाने श्वास घेणे सर्वांना चांगले

‘छातीने नको, पोटाने श्वास घ्या’ हा सल्लाही असाच सरसकट दिला जातो. तो तपासताना आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या एका जुन्या मित्राकडे, म्हणजे बाटली आणि फुग्यांच्या प्रतिकृतीकडे, पाहिले पाहिजे. तळ कापलेल्या बाटलीत फुगे, तळाला ताणलेला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात. दाब आणि आकारमान यांचा संबंध दाखवायला ही प्रतिकृती उत्तम आहे. पण तिच्यात एक दोष आहे आणि तो या विषयात नेमका आडवा येतो. प्रतिकृतीतला पडदा विश्रांतीच्या वेळी सपाट असतो आणि ओढल्यावर खाली फुगतो. आपले श्वासपटल मात्र विश्रांतीच्या वेळी घुमटासारखे वर उचललेले असते आणि आकुंचन पावल्यावर सपाट होते. म्हणजे प्रतिकृतीत जी विश्रांतीची अवस्था दिसते ती माणसात श्वास पूर्ण घेतल्याची अवस्था आहे.

सीओपीडीच्या फुगलेल्या छातीत श्वासपटल आधीच खाली दाबले गेलेले, जवळजवळ सपाट असते. सपाट स्नायू आकुंचन पावून आणखी खाली कुठे जाणार? उलट तो खालच्या बरगड्या आत ओढतो. म्हणून अशा रुग्णाला मान आणि खांद्यांचे स्नायू वापरावे लागतात. ती ‘चुकीची सवय’ नसून शरीराने काढलेली तोड असते. बेल्जियममधील रिक गॉसेलिंक आणि सहकाऱ्यांनी तीव्र सीओपीडीच्या रुग्णांना पोटाने श्वास घ्यायला शिकवून मोजमाप केले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात श्वसनाची कार्यक्षमता घटली आणि धाप वाढण्याकडे कल दिसला. सौम्य आजारात, ज्यांचे श्वासपटल अजून हलते त्यांना या पद्धतीचा उपयोग होऊ शकतो. पण ‘सर्वांना चांगले’ हे विधान टिकत नाही.

कडक फुप्फुसाची गोष्ट आणखी वेगळी. १९५० मध्ये ओटिस, फेन आणि राह्न या शास्त्रज्ञांनी श्वासाच्या कामाचा हिशेब मांडला. श्वास जितका खोल तितके फुप्फुस ताणण्याचे काम जास्त, आणि श्वास जितका जलद तितके हवेच्या घर्षणाशी झगडण्याचे काम जास्त. शरीर या दोन खर्चांची बेरीज कमीत कमी राहील अशी गती निवडते. अरुंद नळ्यांच्या रुग्णाला संथ श्वास स्वस्त पडतो. सिलिकोसिसने फुप्फुस कडक झालेल्या कामगाराला मात्र खोल श्वास महाग पडतो, म्हणून तो लहान आणि भराभर श्वास घेतो. जाड रबराचा फुगा थोडाच फुगवणे सोपे, पूर्ण फुगवणे कठीण. या कामगाराला ‘खोल घ्या, खोल घ्या’ म्हणून टोकणे म्हणजे शरीराने केलेला हिशेब मोडायला सांगणे होय.

तिसरा दावा : हजारो लोकांना गुण आला आहे

गुण येणे आणि उपायाने गुण येणे यांत फरक आहे. दमा हवामानाबरोबर कमीजास्त होतो. माणूस सर्वांत त्रासात असताना व्यायाम सुरू करतो आणि पुढे त्रास आपणहून उतरला तरी श्रेय व्यायामाला जाते. शिवाय वर्गात जाणे, कोणीतरी लक्ष देणे, यानेही बरे वाटते. गोळीची चाचणी करताना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देता येते. खोटा श्वास कसा देणार?

जयपूरचे डॉ. वीरेंद्र सिंह यांनी याला सुंदर उत्तर शोधले. त्यांनी ‘पिंक सिटी लंग एक्सरसायझर’ हे साधे उपकरण वापरले. त्यातून श्वास घेतला की प्राणायामासारखा संथ श्वास आणि घेण्या-सोडण्याचे १:२ हे प्रमाण आपोआप साधले जाते. दिसायला तसेच, पण हा अडथळा नसलेले दुसरे उपकरण तुलनेसाठी ठेवले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सौम्य दम्याच्या १८ रुग्णांनी दोन-दोन आठवडे दोन्ही उपकरणे वापरली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. फुप्फुसाची क्षमता, लक्षणे, औषधाचा वापर यांत थोडी सुधारणा दिसली, पण ती योगायोगापलीकडची म्हणता येईल इतकी नव्हती. एक फरक मात्र निश्चित होता : श्वासनलिका आवळण्यासाठी लागणारी हिस्टामिनची मात्रा वाढली, म्हणजे नलिकांचा चिडखोरपणा कमी झाला. या प्रयोगाने प्राणायामाची टिंगल करणाऱ्यांना एक उत्तर दिले आणि चमत्कार सांगणाऱ्यांनाही एक. प्रयोग कसा रचावा हे शिकवायला वरच्या वर्गांसाठी आम्हांला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

सीओपीडीपुरते बोलायचे तर २०१२ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटाने १६ चाचण्या, १२३३ रुग्ण असा आढावा घेतला. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, हे त्यातले एक मुख्य माप. तीन महिने प्राणायाम केलेल्या गटात हे अंतर सरासरी ४५ मीटरने, तर ओठ आवळून श्वास सोडणाऱ्या गटात ५० मीटरने जास्त भरले. सुमारे ३० मीटरचा फरक रुग्णाला जाणवतो असे मानतात, तेव्हा हा लाभ किरकोळ नाही. पण प्राणायामाचा आकडा दोन चाचण्या आणि ७४ रुग्ण यांवर, तर दुसरा एकाच चाचणीतील ६० रुग्णांवर आधारलेला आहे. धाप आणि रोजचे जगणे यांवरचा परिणाम तर एकसारखा दिसलाच नाही.

याच्या शेजारी दुसरा आढावा ठेवू. चालणे, पायांचे व्यायाम, आजाराची माहिती आणि श्वासाचे तंत्र हे सर्व एकत्र देणाऱ्या ‘फुप्फुस पुनर्वसन’ कार्यक्रमाचा कॉक्रेनने २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यात ६५ चाचण्या आणि ३८२२ रुग्ण होते. चालण्याचे अंतर सुमारे ४४ मीटरने वाढले आणि धाप, थकवा, जगण्याची गुणवत्ता यांतही जाणवण्याइतकी सुधारणा दिसली. हा पुरावा इतका पक्का ठरला की पुनर्वसन आणि नेहमीचे उपचार यांची तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असे त्यांनी जाहीर केले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. रणदीप गुलेरिया आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ६० रुग्णांच्या अभ्यासात बारा आठवड्यांचा योग पुनर्वसनाइतकाच उपयोगी पडल्याचे सांगितले. त्यात नुसता श्वास नव्हता, आसनेही होती, हे लक्षात ठेवावे. सारांश, फायदा आहे, पण त्यातला मोठा भाग पाय हलवण्याचा आहे. धाप लागते म्हणून चालणे सोडले की पायांचे स्नायू सुकतात, मग थोड्या श्रमानेही जास्त धाप लागते. खुर्चीत बसून केलेला श्वासाचा व्यायाम हे चक्र एकटा तोडू शकत नाही.

दोन लोकप्रिय ‘चाचण्या’

करोनाच्या साथीत घरोघरी तीन चेंडूंचे यंत्र आले. त्यावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. ते दर सेकंदाला आत ओढलेल्या हवेचे मिलिलिटर दाखवतात. छातीच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने खोल श्वास घ्यावा यासाठी ते बनवले आहे. सीओपीडीत बिघाड सोडण्याच्या बाजूला असतो, म्हणून तिन्ही चेंडू वर गेले तरी आजाराबद्दल काही कळत नाही. त्याच काळात ‘दहा सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुस निरोगी’ असा संदेश फिरला. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला त्याचे जाहीर खंडन करावे लागले. फुप्फुसाची खरी परीक्षा स्पायरोमीटरने होते : जोरात सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली? श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी भरले तर अडथळा आहे असे समजतात. अडथळा फुंकताना सापडतो, श्वास रोखताना सापडत नाही.

सल्ल्याने झाकलेल्या गोष्टी

आमचा सर्वांत मोठा आक्षेप शरीरशास्त्राचा नाही. ‘प्राणायाम करा’ या सल्ल्याच्या पाठोपाठ दोन न बोललेली वाक्ये येतात. पहिले : ‘पंप सोडा, त्याची सवय लागते’. इनहेलरची सवय लागत नाही. त्याचे औषध थेट नळ्यांत जाते, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. नियमित पंप बंद करून केवळ व्यायामावर राहिलेल्या दम्याच्या रुग्णाला अचानक तीव्र झटका येऊ शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. वर सांगितलेल्या कोणत्याही चाचणीने औषध सोडा असे सुचवलेले नाही.

दुसरे न बोललेले वाक्य असे : ‘तुझा श्वास ही तुझीच जबाबदारी’. फाउंड्रीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला अनुलोम-विलोम सांगणे सोपे असते. धूळ खेचून घेणारा पंखा बसवणे, वाळू ओली ठेवणे, योग्य मास्क देणे, दरवर्षी छातीची तपासणी करणे याला खर्च येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला आणि २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेनेही तो त्या यादीत ठेवला. कळवण्यासाठी आधी निदान झाले पाहिजे, आणि निदानासाठी ‘तुम्ही काम काय करत होता?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. सगळ्यालाच दमा म्हटले आणि सगळ्यालाच प्राणायाम सांगितला की हा प्रश्न बुडतो, आणि त्याबरोबर कामगाराची भरपाईही बुडते. सिलिकोसिस बरा करणारा कोणताही श्वास नाही. तो होऊ न देणे एवढेच हाती आहे. चुलीच्या धुराचेही तसेच.

शिक्षकांनी काय करावे

श्वासाचा व्यायाम सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. तो कोणासाठी, कशासाठी आणि कशाबरोबर, हे सांगावे. वर्गात पुढील गोष्टी सहज करता येतील.

बाटली-फुग्याची प्रतिकृती दाखवताना पडदा बोटाने आत ढकलून घुमट करावा आणि तेथून सुरुवात करावी. मग तो आधीच खाली ओढून धरला तर पुढे किती हवा घेता येते ते पाहावे. सीओपीडीचा रुग्ण याच अवस्थेत असतो. नळीत कापसाचा बोळा बसवून फुगा रिकामा व्हायला लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. मिनिटातील श्वासांचे आणि गुणोत्तर श्रेणीचे गणित वर दिलेच आहे. शाळेच्या व्हरांड्यात ३० मीटर अंतर आखून निरोगी विद्यार्थ्यांनी सहा मिनिटांचे चालणे मोजावे. दमा असलेल्या मुलांवर कोणताही श्वासाचा प्रयोग करू नये, त्यांना नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. जोरजोरात श्वास घेणे किंवा रोखून धरणे यांच्या स्पर्धा तर लावूच नयेत.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी घरी एक साधे काम करावे. घरात कोणाला धाप लागत असेल तर त्यांना चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून काढावीत : आजाराचे नाव काय सांगितले आहे? फुंकण्याची तपासणी कधी झाली होती का? आयुष्यभर कोणत्या धुरात किंवा धुळीत काम केले? पंप कसा घेता ते करून दाखवाल का? या चार उत्तरांचा कागद घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे गेला तर त्याला योग्य व्यायाम, योग्य औषध आणि जिथे लागू असेल तिथे कायद्याचा हक्क मिळण्याची शक्यता वाढेल. ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला मात्र आजच शिकवता येईल. जिन्याच्या मध्यावर थांबलेल्या आजोबांना ‘खोल श्वास घ्या’ म्हणण्यापेक्षा ‘घाई नको, आधी सावकाश सोडा’ म्हणावे.